पीआयव्ही: सगळे व्हेक्टर शून्याला चिकटलेत, दोन पल्समधला वेळ किती ठेवायचा?

भोवरा_२०:
नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, एरवी नुसती वाचक असते. एमटेकच्या प्रोजेक्टसाठी वॉटर चॅनेलमध्ये आडव्या सिलिंडरच्या मागे भोवरे कसे सुटतात ते मोजायचंय, पीआयव्हीने, म्हणजे पार्टिकल इमेज व्हेलोसिमेट्री. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, पाण्यात बारीक कण सोडायचे, पल्स लेझरचा पातळ पडदा (शीट) पाडायचा, एकापाठोपाठ एक दोन फ्लॅश मारून दोन फोटो काढायचे, आणि कण कुठून कुठे सरकले त्यावरून वेग काढायचा, बाणांच्या रूपात, तेच व्हेक्टर.

सेटअप असा आहे. चॅनेल ३० सेंमी रुंद, पाणी ३० सेंमी खोल, २० मिमीचा स्टीलचा रॉड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा बसवलाय. पाण्याचा वेग साधारण ०.२ मीटर प्रति सेकंद. लेझर डबल पल्स एनडी-याग, ५३२ नॅनोमीटर हिरवा, १० हर्ट्झ, एका पल्सला १०० मिलिज्यूल. शीट १ मिमी जाड, चॅनेलच्या मधोमध, तळाच्या ॲक्रिलिकमधून खालून वर येते. कॅमेरा बाजूने बघतो, २०४८ बाय २०४८ पिक्सेल, एक पिक्सेल ७.४ मायक्रॉनचा, १२० मिमीचा एरिया दिसतो. ॲपर्चर २.८ वर पूर्ण उघडं ठेवलंय कारण कण अंधुक दिसत होते. कण म्हणजे १० मायक्रॉनचे पोकळ काचेचे गोळे.

प्रॉब्लेम असा की सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की व्हेक्टर इवले इवले येतात आणि वाट्टेल त्या दिशेला. हिस्टोग्राम काढला तर शून्यावर एक उंच खांब आणि बाकी काही नाही. पाणी तर डोळ्यादेखत वाहतंय! सीनियरची सेटिंग फाईल वापरलीय, त्यात दोन पल्समधला वेळ, म्हणजे डीटी, ४० मायक्रोसेकंद आहे. त्याचे रिझल्ट झकास आले होते. पंधरा दिवस झाले, गाईड रोज विचारतात. आणि एक बाळबोध प्रश्न, लेझरची दोन हेड का असतात? एकच दोनदा का नाही मारता येत?

याग_वाला:
भाऊ, सीनियरने हे पाण्यात केलं होतं की विंड टनेलमध्ये?

भोवरा_२०:
विंड टनेलमध्ये. १० मीटर प्रति सेकंद. (आणि भाऊ नाही, ताई 🙂)

याग_वाला:
माफ करा ताई. मग झालं की, इथेच गोम आहे. हिशोब करून बघा, १२० मिमी भागिले २०४८, म्हणजे एक पिक्सेल सुमारे ५८.६ मायक्रॉन. तुमचं पाणी ४० मायक्रोसेकंदात जातं ०.२ गुणिले ४०, म्हणजे ८ मायक्रॉन. म्हणजे ०.१४ पिक्सेल. पीआयव्हीची अचूकता सगळं नीट असताना ०.१ पिक्सेलच्या आसपास धरतात, म्हणजे तुम्ही जे मोजताय आणि त्यातली चूक हे दोन्ही जवळपास सारखेच झाले, मग शून्यावर खांब येणार नाही तर काय होणार. सीनियरची हवा त्याच ४० मायक्रोसेकंदात ४०० मायक्रॉन जात होती, म्हणून त्याला सुंदर रिझल्ट आले. त्याची फाईल चुकीची नाहीये, फक्त ती त्याच्या हवेची आहे.

जुना नियम आहे, १९९२ मध्ये कीन आणि एड्रियन यांनी मांडलेला, की कण दोन फोटोंमध्ये इंटरोगेशन विंडोच्या (फोटोचा छोटा चौकोन, ज्यातून एक व्हेक्टर निघतो) पाव भागापेक्षा जास्त सरकू नये. तुमची विंडो ३२ पिक्सेलची धरली तर ८ पिक्सेल. ८ गुणिले ५८.६ म्हणजे ४६९ मायक्रॉन, भागिले ०.२, आलं २.३ मिलिसेकंद. तुमच्या आत्ताच्या डीटीच्या जवळजवळ साठपट!

दोन हेडचं म्हणाल तर, फ्लॅशलॅम्पने लेझरच्या आतल्या क्रिस्टलच्या रॉडमध्ये (तुमच्या स्टीलच्या नव्हे) ऊर्जा भरायची आणि क्यू-स्विच, म्हणजे लेझरचं झडप, उघडून ती ८-१० नॅनोसेकंदात एकदम सोडायची, असं चक्र असतं. एकदा रिकामा झालेला लेझर लगेच मायक्रोसेकंदात पुन्हा तेवढा भरत नाही. शिवाय हे लॅम्प ठरलेल्या १० किंवा १५ हर्ट्झवरच सुखात असतात, तो क्रिस्टल रॉड एका ठराविक तापमानाला स्थिर होतो आणि बीमचा आकार त्यावर अवलंबून असतो, म्हणून लय बिघडवायची नाही. मग दोन वेगळे लेझर ठेवायचे, दोघांनी आपापल्या लयीत १० हर्ट्झने मारायचं, फक्त दुसऱ्याने पहिल्यापेक्षा डीटी इतकं उशिरा. मग डीटी तुम्ही २०० नॅनोसेकंद ठेवा नाहीतर ५ मिलिसेकंद, लेझरला काही फरक पडत नाही.

मोबाईल_प्रयोग:
एवढ्या हळू पाण्याला कशाला हवा पल्स लेझर? २.३ मिलिसेकंद म्हणजे हायस्पीड कॅमेऱ्यासाठी निवांत वेळ आहे. साधा सतत चालणारा हिरवा डायोडवाला लेझर घ्या, काचेची कांडी आडवी धरून शीट करा आणि मोबाईलवर २४० फ्रेमचा स्लोमो घ्या. मी घरी मत्स्यपेटीत केलंय, व्हेक्टर आले होते.

गोटिंगेनची_मावशी:
मोबाईल_प्रयोग, तत्त्वतः बरोबर आहे तुमचं, २४० फ्रेमला दोन फोटोंमध्ये ४.२ मिलिसेकंद, म्हणजे पाणी ०.८ मिमी सरकतं, पिक्सेलमध्ये १४ वगैरे, मल्टीपास (आधी मोठ्या, मग छोट्या विंडोने मोजणं) केलं तर चालून जाईल. पण सतत चालणाऱ्या लेझरमध्ये शटर जेवढा वेळ उघडं तेवढा वेळ कण सरकतोच आहे. १ मिलिसेकंद एक्सपोजर धरा, कण २०० मायक्रॉन सरकला, म्हणजे ठिपक्याऐवजी साडेतीन पिक्सेलची रेघ. एक्सपोजर कमी केलं तर प्रकाश पुरत नाही. त्यात मोबाईलचं शटर ओळीओळीने वाचतं, वरची ओळ आणि खालची ओळ वेगवेगळ्या वेळची. आणि व्हिडिओ कॉम्प्रेशन तर बारीक ठिपके गिळूनच टाकतं. बघायला छान, थिसिसला नको.

पल्सची खरी मजा ही की ८ नॅनोसेकंदात ०.२ मीटरवालं पाणी दीड-दोन नॅनोमीटर सरकतं. प्रकाशाच्या लहरीपेक्षाही कितीतरी कमी. अगदी ३०० मीटर प्रति सेकंदवाली हवा घेतली तरी २.४ मायक्रॉन. कण जागच्या जागी गोठतो. कॅमेऱ्याला वेगवान शटर लागतच नाही, शटरचं काम लेझरच करतो.

निवृत्त_जलमापक:
वाचून गंमत वाटली. मी पस्तीस वर्षं पाणी मोजण्यात घालवली, मॉडेलवर आणि कालव्यावर दोन्हीकडे. आमच्या वेळी कागदाचे कपटे सोडायचे, दोन खुंट्यांमधलं अंतर टेपने मोजायचं आणि स्टॉपवॉच दाबायचं. लहानपणी ओढ्यात पान सोडून सोबत पळायचो तेच हे. तुमच्या यंत्रात खुंट्या म्हणजे पिक्सेल आणि स्टॉपवॉच म्हणजे लेझर, एवढाच फरक. पण त्यात एक गोष्ट आम्हाला शिकवली होती ती सांगतो, खुंट्या किती लांब ठोकायच्या ते पाण्याकडे बघून ठरवायचं. दोन हातांवर ठोकल्या तर बोट स्टॉपवॉचवर पोचायच्या आत पान पुढे गेलेलं असतं, आणि दोन फर्लांगावर ठोकल्या तर पान कुठल्यातरी काठाला अडकतं नाहीतर भोवऱ्यात फिरत बसतं, मग दिसलेलं पान आपलंच का दुसरं कोणाचं तेही कळत नाही. डीटीचं हेच आहे. ती मशीनची सेटिंग नाही, पाण्याची आहे.

आणि बेटा, एक विचारतो, रागावू नकोस. दोन फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये टाकायच्या आधी तू ते दोन फोटो डोळ्यांनी कधी पाहिलेस का? एकाआड एक, पटापट बदलून?

भोवरा_२०:
नाही काका 🙈 सरळ सॉफ्टवेअरमध्ये टाकले.

निवृत्त_जलमापक:
मग आज पहा. कण सरकताना डोळ्याला दिसले पाहिजेत. डोळ्याला दिसले नाहीत तर कॉम्प्युटरलाही काय दिसणार.

भोवरा_२०:
केलं! काका, मावशी, याग_वाला, तिघांनाही साष्टांग नमस्कार. डीटी २.३ मिलिसेकंद केला, फोटो एकाआड एक बघितले, कण चक्क सरकताना दिसले, मला रडूच यायचं बाकी होतं. फ्री स्ट्रीममध्ये, म्हणजे रॉडपासून दूरच्या मोकळ्या प्रवाहात, व्हेक्टर सरळ रेषेत सैनिकासारखे उभे आहेत. पण नवीन तीन भानगडी आहेत.

एक, दुसरा फोटो पहिल्यापेक्षा नेहमी पांढरट येतो, धुकं पडल्यासारखा. दोन, रॉडच्या जवळ ५-६ मिमी पट्टा नुसता पांढरा फटफटीत, तिथे व्हेक्टर म्हणजे कचरा. तीन, हिस्टोग्राममध्ये आता खांब शून्यावर नाही पण पूर्णांकांवर आहेत, ६, ७, ८ पिक्सेलवर टेकड्या आणि मध्ये दऱ्या. पाणी काय पिक्सेल मोजून चालतं का?

गोटिंगेनची_मावशी:
😄 पाणी नाही चालत, तुझी लेन्स चालवते. तिसऱ्यापासून घेते कारण ते सगळ्यात सोपं. याला पीक लॉकिंग म्हणतात. कणाचा ठिपका एका पिक्सेलपेक्षा लहान असला की तो पिक्सेलमध्ये कुठे आहे ते कळायला मार्गच राहत नाही. शेजारच्या पिक्सेलवर थोडा प्रकाश सांडला तरच मधलं ठिकाण काढता येतं, सब-पिक्सेल फिट म्हणतात ते त्या सांडलेल्या प्रकाशावरच जगतं. ठिपका २ ते ३ पिक्सेलचा हवा.

तुझा कण १० मायक्रॉनचा, मॅग्निफिकेशन साधारण ०.१२६, त्यामुळे कणाची खरी प्रतिमा एकाच मायक्रॉनच्या आसपास. सेन्सरवरच्या ठिपक्याचा आकार ठरतो डिफ्रॅक्शनने (छोट्या भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्याने), म्हणजे ॲपर्चरने. २.४४ गुणिले १.१२६ गुणिले एफ नंबर गुणिले ०.५३२. एफ २.८ ला येतात ४ मायक्रॉन, तुझा पिक्सेल ७.४ चा, म्हणजे अर्धा पिक्सेल. एफ ८ ला ११.७ म्हणजे दीड पिक्सेल, एफ ११ ला १६ म्हणजे दोनच्या वर. ११ वर जा. अंधुक दिसतील तर लेझरची ऊर्जा वाढव, १०० मिलिज्यूल कशाला घेतलेत मग. ॲपर्चर उघडून उजेड वाढवायची सवय फोटोग्राफीतून येते, इथे ती नडते.

दुसरा फोटो पांढरट का, ते तुझ्या कॅमेऱ्याच्या स्वभावात आहे. हा कॅमेरा सेकंदाला १०-१५ जोड्याच देतो पण दोन फोटोंमध्ये मायक्रोसेकंदांचं अंतर कसं काय जमतं, हा प्रश्न पडला का तुला? तर पहिलं एक्सपोजर छोटं असतं, त्याच्या अगदी शेवटी पहिला पल्स पडतो. मग पहिला फोटो सेन्सरमध्येच झाकलेल्या खणांमध्ये सरकवला जातो आणि लगेच दुसरं एक्सपोजर सुरू होतं, त्याच्या सुरुवातीला दुसरा पल्स. पण पहिला फोटो वाचून संपेपर्यंत दुसरं एक्सपोजर बंदच करता येत नाही, त्याला कित्येक मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ लॅबची ट्यूबलाईट, मॉनिटर, खिडकीची फट, सगळं दुसऱ्या फोटोत जमा होत राहतं. दिवे घालव, मॉनिटर फिरव, लेन्सवर ५३२ चा बँडपास फिल्टर लाव, फक्त लेझरचा हिरवा आत सोडणारा.

दुसऱ्या भानगडीसाठी, स्टीलचा चकचकीत रॉड हिरव्या प्रकाशात टाकल्यावर तो तुला सोडून कोणाकडे बघणार? काळा मॅट रंग मार, उष्णता सोसेल असा.

याग_वाला:
काळा रंग करून बघा पण १०० मिलिज्यूलची शीट रोज एकाच रेषेवर पडली तर रंग महिनाभरात जळतो आणि तुकडे पाण्यात. शक्य असेल तर फ्लोरोसंट कण घ्या, रोडामाईनवाले. ते हिरवा खातात आणि नारिंगी ओकतात. मग लेन्ससमोर नारिंगी फिल्टर लावला की रॉडची हिरवी चमक अडते आणि फक्त कण दिसतात, भिंतीच्या अगदी जवळपर्यंत. महाग आहेत, मान्य. पण एक ध्यानात ठेवा, तेव्हा मावशींचा ५३२ चा बँडपास काढायचा, नाहीतर कणांचाच प्रकाश अडेल आणि काळाकुट्ट फोटो येईल. हसू नका, मी हे स्वतः केलंय आणि दोन दिवस केबल बदलत बसलोय.

मोबाईल_प्रयोग:
महाग कण कशाला, टाल्कम पावडर, नाहीतर रांगोळी. चमकते पण मस्त.

गोटिंगेनची_मावशी:
टाल्कम पाण्यावर तरंगतं आणि गोळे होतात. रांगोळीचं गणितच करते. दगडाची पूड, घनता २.७ च्या आसपास, ५० मायक्रॉनचा कण धरला तर पाण्यात २.३ मिमी प्रति सेकंदाने खाली बसतो. ३० सेंमीचं पाणी दोन-सव्वादोन मिनिटात पार. तुम्ही पाण्याचा वेग मोजताय की रांगोळीचा तळाकडचा प्रवास? आणि खरी रांगोळी ५० पेक्षा जाड असते. हिचे पोकळ काचेचे गोळे, घनता १.१ ची, ते ५ मायक्रोमीटर प्रति सेकंदाने बसतात. आणि पाण्याने वळण घेतलं की किती पटकन वळतात, तर ६ मायक्रोसेकंदात. सिलिंडरच्या मागच्या भोवऱ्याला हे म्हणजे अंगावरच्या शर्टासारखे सोबत फिरतात.

तशी कण टाकायची आयडिया जुनीच आहे हो. लुडविग प्रांट्ल या जर्मन प्रवाहशास्त्रज्ञाने १९०४ च्या सुमाराला हाताने चाक फिरवून चालणाऱ्या पाण्याच्या चॅनेलमध्ये अभ्रकासारखे चमचमणारे कण टाकून फोटो काढले होते. मी ज्या गावात राहते तिथेच त्याने पुढची सगळी वर्षं घालवली. आकडे मात्र त्या फोटोंमधून आजच्यासारखे निघत नव्हते. पार्टिकल इमेज व्हेलोसिमेट्री हे नाव रूढ झालं ते १९८४ पासून, आणि फिल्म सोडून डिजिटल कॅमेऱ्यावर क्रॉस-कोरिलेशन (दोन फोटोंतले ठिपक्यांचे नमुने एकमेकांशी किती जुळतात ते बघणं) करायचं ते १९९१ च्या विलर्ट आणि घरिबच्या कामानंतर.

मोबाईल_प्रयोग:
ओके, रांगोळी कॅन्सल. किती कण टाकायचे हे तरी सांगा, मी नेहमी अंदाजाने टाकतो.

याग_वाला:
एका विंडोत दहाएक कण दिसले पाहिजेत, ढोबळ नियम. ताईंचा आकडा घेतो, ३२ पिक्सेल म्हणजे १.९ मिमी, शीट १ मिमी, म्हणजे साडेतीन घन मिमीत १० कण, लिटरला जवळजवळ २८ लाख. ऐकायला भयंकर, पण १० मायक्रॉनचा एक कण म्हणजे अर्ध्या नॅनोग्रॅमच्या आसपास, म्हणजे लिटरला दीड-पावणेदोन मिलिग्रॅम. ५०० लिटरच्या चॅनेलला हिशोबाने एक ग्रॅमही लागत नाही. प्रत्यक्षात थोडे जास्त टाकावे लागतात कारण बारके कण दिसतच नाहीत आणि काही पंपाच्या कोपऱ्यात जाऊन बसतात. चमच्याने ओतू नका, आधी बादलीभर पाण्यात कालवून घ्या नाहीतर गुठळ्या होतात, अगदी बेसनासारख्या.

निवृत्त_जलमापक:
तुमचं शास्त्र चालू द्या पण मधे एक बोलतो, कारण मुलगी एकटी लॅबमध्ये दिवे घालवून बसणार आहे आता. एका लॅबमध्ये, नाव घेत नाही, मी भिंतीवरच्या पडद्याला पडलेलं भोक पाहिलं आहे. कोणीतरी लेझर चालू असताना चकचकीत पाना हातात घेऊन रॉड घट्ट करत होता. डोळ्यांवर गॉगल? टेबलावर होते.

याग_वाला:
काका अगदी बरोबर. १०० मिलिज्यूल ८ नॅनोसेकंदात म्हणजे साडेबारा मेगावॅट, तेवढ्या क्षणापुरते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो, म्हणजे पापणीचा काही उपयोग नाही. क्लास ४ लेझर आहे हा, परावर्तनसुद्धा डोळा घालवतं. गॉगल ५३२ आणि १०६४ दोन्हींचे हवेत, कारण याग मुळात १०६४ चा असतो, क्रिस्टलमधून जाऊन अर्ध्या वेव्हलेंथचा हिरवा होतो आणि थोडा इन्फ्रारेड उरतो जो दिसतच नाही. घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवायच्या. आणि सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे अलाइनमेंट, कारण गॉगल घातले की शीट दिसत नाही म्हणून लोक ते वर करतात. त्या वेळी क्यू-स्विचची वेळ बदलून ऊर्जा अगदी कमी करायची, तेवढी की पांढऱ्या कागदावर जेमतेम कळेल, आणि शीट कॅमेऱ्याच्या फोटोत बघायची, डोळ्याने नाही. दाराबाहेर दिवा आणि पाटी लावा.

भोवरा_२०:
काका, याग_वाला, ऐकलं. गॉगल आहेत, पण एकच जोडी, दुसरी मागवायला सांगितलीय, तोवर एका वेळी एकच माणूस आत. रॉड काढून ॲक्रिलिकचा बसवला, एफ ११ केलं, दिवे घालवले. पूर्णांकांच्या टेकड्या गेल्या!! पण आता फोटोच्या उजव्या भागात, रॉडपासून दूर, कोरिलेशन खराब आहे. डावीकडे चांगलं. फ्लो तर तिकडे शांत असायला हवा ना?

गोटिंगेनची_मावशी:
माझा संशय, तुझ्या दोन लेझरच्या शीट एकमेकांवर बसत नाहीयेत. डावीकडे जुळतात, उजवीकडे फाकतात. मग पहिल्या फ्लॅशला जे कण उजळले ते दुसऱ्या फ्लॅशच्या वेळी अंधारात, आणि दुसरेच कोणीतरी उजेडात. तपासायची युक्ती सोपी आहे, डीटी १ मायक्रोसेकंद कर. एवढ्या वेळात तुझं पाणी हललंच नाही, म्हणजे दोन्ही फोटो अगदी सारखे यायला हवेत आणि सगळीकडे कोरिलेशन उंच हवं. जिथे पडेल तिथे शीट वेगळ्या आहेत, पाण्याचा काही दोष नाही. डीटी चुकून छोटा ठेवणं हे चूक, मुद्दाम छोटा ठेवणं हे हत्यार.

याग_वाला:
आणि बीम जुळवायला थर्मल पेपर, म्हणजे एटीएमच्या पावतीचा कागद. कमी ऊर्जेला, शीटच्या लेन्स लावायच्या आधी, एकदा लेझरच्या तोंडाजवळ आणि एकदा लांब, दोन्ही ठिकाणी दोघांचे डाग घ्यायचे. जवळ जुळले आणि लांब नाही तर कोन चुकलाय. कागद पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा म्हणजे जळालेली पूड ऑप्टिक्सवर उडत नाही. पण हे एकट्याने करू नका, आणि तुमच्या लेझरचं काम बघणारा माणूस असेल तर त्यालाच हात लावू द्या.

भोवरा_२०:
चार दिवसांनी येतेय. मावशी, संशय शंभर टक्के खरा. १ मायक्रोसेकंदाला उजवी बाजू फिकी पडली. लॅबमधल्या टेक्निशियन दादांनी आरसा अगदी केसभर फिरवला, पावतीवर डाग जुळवले, झालं. दादा म्हणाले, सीनियरच्या वेळेपासून असंच होतं. म्हणजे त्याचा डेटा पण... जाऊ दे.

आता शेवटचं. फ्री स्ट्रीम पीआयव्हीने ०.२० येतोय आणि चॅनेलच्या फ्लोमीटरवरून ०.१९. पाच टक्के फरक. पीआयव्ही जास्त अचूक म्हणून ०.२० च धरू ना?

निवृत्त_जलमापक:
नको. दोन मोजमापं वेगळी आली की महागाचं खरं धरायचं हा नियम नाही. स्केल कसा काढलास? म्हणजे किती पिक्सेलला किती मिमी ते कशावरून?

भोवरा_२०:
स्टीलची पट्टी शीटच्या जागी ठेवून फोटो काढला काका. पाणी भरायच्या आधी, म्हणजे पट्टी गंजायला नको म्हणून 😬

निवृत्त_जलमापक:
सापडलं. पाण्यात बुडवलेली काठी वाकडी का दिसते, विहिरीचा तळ जवळ का वाटतो? कॅमेरा भिंतीपासून किती लांब आहे?

भोवरा_२०:
६० सेंमी.

निवृत्त_जलमापक:
आणि भिंतीपासून शीट १५ सेंमी आत. कोरडं असताना एकूण ७५. पाणी भरलं की ते १५ सेंमी भागिले १.३३, म्हणजे सव्वाअकरासारखे दिसतात, एकूण ७१ आणि थोडं. वस्तू जवळ आली म्हणजे मोठी दिसते, ७५ भागिले ७१.३, पाच टक्के मोठी. कण मोठ्या चित्रात जास्त पिक्सेल सरकले, तू ते छोट्या चित्राच्या मापाने मिमीत बदललेस, म्हणून वेग पाच टक्के जास्त. तुझं फ्लोमीटर गरीब आहे पण खोटं बोलत नव्हतं. प्लास्टिकची पट्टी घे, पाण्यात बुडव, मग फोटो काढ. फोकसही पाणी भरल्यावर पुन्हा कर.

गोटिंगेनची_मावशी:
काका, इकडे येऊन आमच्या नवीन पोरांना एक लेक्चर द्या खरंच. तीन महिन्यांचा डेटा कोरड्या कॅलिब्रेशनवर घेतलेला मी स्वतः पाहिलाय.

भोवरा_२०:
ओल्या पट्टीने ०.१९ आला. बरोब्बर.

रॉडच्या मागे दोन व्यास अंतरावर एका बिंदूचा उभा वेग घेऊन २०० जोड्यांची मालिका काढली, १० हर्ट्झने २० सेकंद. भोवरे २ हर्ट्झने सुटतायत, म्हणजे एका चक्रात पाच फोटो पडतात आणि २० सेकंदात ४० चक्रं. स्ट्रूहाल नंबर, म्हणजे भोवऱ्यांची वारंवारता गुणिले व्यास भागिले वेग, २ गुणिले ०.०२ भागिले ०.१९, ०.२१ आला! पुस्तकात या रेनॉल्ड्स नंबरला (वेग गुणिले व्यास भागिले पाण्याचा चिकटपणा), म्हणजे ३८०० वगैरे, तेवढाच आहे. गाईड पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, सरासरीला २०० जोड्या चालतील पण टर्ब्युलन्सचे आकडे हवेत तर हजाराच्या वर घे, आणि हसू मावळलं.

प्रोसेसिंग मॅटलॅबमधल्या पीआयव्हीलॅबवर केलं, पहिला पास ६४, दुसरा ३२. पायथॉनवाला ओपनपीआयव्ही पण लावून बघितला, दोन्हींचे आकडे जुळले.

आता एकच उरलंय, शीट खालून येते त्यामुळे रॉडच्या वर सावलीचा पट्टा पडतो. ॲक्रिलिकचा असून पण. वरचा शिअर लेयर, म्हणजे वेगवान आणि संथ पाण्यामधला पातळ थर, अर्धा जातो त्यात.

याग_वाला:
ॲक्रिलिक पारदर्शक असलं तरी गोल रॉड लेन्ससारखा प्रकाश वाकवतो, सावली राहणारच. पाण्याच्या वर एक सपाट आरसा धरा आणि शीट तीच परत खाली पाठवा, म्हणजे सावलीत वरून उजेड पडेल. पाण्याच्या पृष्ठभागावर ॲक्रिलिकची पाटी ठेवा, नाहीतर लाटांनी शीट थरथरेल. आणि आरसा थोडा जरी तिरपा झाला तर परत आलेली शीट दुसऱ्याच प्रतलात, मग पुन्हा मावशींची १ मायक्रोसेकंदवाली टेस्ट. परत आलेला बीम लेझरच्या तोंडात सरळ जाऊ देऊ नका, थोडा बाजूला पडेल असं बघा.

मोबाईल_प्रयोग:
आरसा घरचा चालेल का?

याग_वाला:
घरच्या आरशाची चांदी काचेच्या मागे असते, एकाच्या दोन शीट होतील. समोरून लेप दिलेला घ्या. आणि तुम्ही मत्स्यपेटीत हे करताना मासे काढता ना?

मोबाईल_प्रयोग:
मासे नाहीयेत. रांगोळी टाकल्यापासून.